मृणाल, तुझ्या दोन पानांबद्दल

वडगाव, बेळगाव

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

‘माझं सुपरव्हिजनचं तत्त्वज्ञान’, म्हणजे शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर अनुभवी समुपदेशकाने कशी देखरेख करावी याबद्दल, तू पाठवलेली पानं वाचली. शिकाऊ समुपदेशक तुझ्या हाताखाली येणार म्हणून विभागाने ती मागितली आहेत, हे बाबांनी सांगितलं. बर्नार्डच्या 1979 च्या मांडणीतल्या सुपरव्हायझरच्या शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार या तीन भूमिका तू नीट मांडल्यास. प्रॉक्टरने सांगितलेली सुपरव्हिजनची तीन कामंही आली आहेत: दर्जा राखणं, शिकवणं, थकलेल्याला उभारी देणं. पण वरचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी चालून जाईल, अशी ती पानं झाली आहेत. वेळ आली तर तू काय करशील, हे त्यात कुठेच दिसत नाही.

समज, खानापूरकडच्या गावातली एक मुलगी तुझ्या शिकाऊ पोराकडे येते. “जगावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू नका,” म्हणते. तो ते मनात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने तुझ्यासमोर बसतो. तू त्याला धीर देणार, की थेट विचारणार: तिने काही ठरवलंय का, शेतीचं औषध घरात कुठे ठेवतात, आज तिच्याजवळ कोण आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिला दिलास का? माझ्या मते हे प्रश्न आधी. त्याचे डोळे भरून आले तरी हेच आधी. ती मुलगी त्या खोलीत नसते, आणि तिच्या बाजूने बोलायला तुझ्याशिवाय तिथे कुणी नसतं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभाही देतो. ही मर्यादा क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायची असते. ती सांगितली होती का, हे त्याला सावकाशीने विचार. उभारी त्यानंतर, आणि मग भरपूर. तू ती सगळ्यांत वर लिहिलीस, मी तिसरी ठेवते. तुझा क्रम वेगळा असेल तर असू दे, पण का ते लिही.

‘सुपरव्हायझर आईसारखी असावी’ हे वाक्य काढून टाक. मी दोन्ही आहे म्हणून सांगते गं. आई वर्षाअखेरी शेरा लिहून सही करत नाही, तू करणार आहेस. तुझ्या सहीवर पास-नापास ठरणार असेल, तर पोरं फसलेली सेशन्स दडवतात आणि बरी गेलेली तेवढी घेऊन येतात. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाक की तू कशावरून जोखणार, विभागाला काय कळवणार आणि काय तुमच्यातच राहणार.

आपल्या भागाचं तर तुझ्या पानांत काहीच नाही. इथे माणूस मराठीत रडतो, मध्येच कानडीत चिडतो, आणि टिपण होतं इंग्रजीत. निपाणीची विड्या वळणारी बाई म्हणते, “सासू गेल्यापासून घर खायला उठतंय,” आणि कागदावर ‘लो मूड’ एवढंच उतरतं. त्यात सासूही गेली आणि घरही. म्हणून ती नेमकं काय म्हणाली, ते तिच्याच वाक्यात ऐकव, असा हट्ट धर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी 1940 च्या दशकात सेशन्स रेकॉर्ड करायला सुरुवात केली ती उगीच नाही. आठवणीतून सांगताना सगळेच आपली बाजू सावरून घेतात. आपल्याकडे रेकॉर्डिंगचं नाव काढलं की लोक बिचकतात, पुढची सोयरीक डोळ्यांसमोर येते. जिथे नको म्हणतील तिथे सेशन संपल्या संपल्या आठवतील तशी वाक्यं लिहून काढायला लाव. आणि गटात केस मांडताना गाव, धंदा, दोन्ही बदलायला सांग. शहापूरचा विणकर, दोन मुली, धाकटीचं लग्न मोडलेलं, एवढ्यावर कुणाची तरी आत्या घर ओळखते.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी पडलं ते मनोविश्लेषक सर्ल्सने 1955 मध्ये लिहिलेलं. क्लायंट आणि समुपदेशक यांच्यात जे चालतं, ते नकळत सुपरव्हिजनमध्येही उमटतं. नवऱ्याच्या धाकातली बाई ‘हो, हो’ करत राहते. तिची केस सांगताना शिकाऊ पोरगाही तुला नुसतं ‘हो मॅडम’ म्हणू लागतो, आणि तुझा आवाज चढतो. तिथे थांब आणि आत्ता आपल्यात काय चाललंय ते त्यालाच विचार. पण तिथून त्याच्या लहानपणात शिरू नकोस. बर्नार्डची ती ‘समुपदेशक’ भूमिका शिकाऊच्या मनात केसमुळे काय उठतंय तेवढं बघण्यापुरती आहे. त्याच्या वडिलांचा धाक कामाच्या आड येत असेल, तर त्याला स्वतःसाठी दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठव.

तुझी स्वतःची सुपरव्हिजन कोण करणार, हेही तू लिहिलेलं नाहीस. त्याचा परिच्छेद हवाच. बाकी दोन पानांचं एक कर, आणि आधी मराठीत लिही. इंग्रजी मागाहून होईल.

बाबा रविवारी धारवाडला येतायत, त्यांच्याबरोबर कुंदा देते. पेढ्याच्या गावात कुंदा कशाला म्हणून परत पाठवू नकोस, विभागात वाट.

तुझी,
आई