सॉकेटबद्दल कोणी विचारतच नाही

संपादक महोदय,

मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा हात, पायरी ओळखून वाकणारा गुडघा, त्रिमितीय छपाईतून निघालेला पाय, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यामागचे काम खरे असते आणि कष्टाचेही. पण मोटर, सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांचे वर्णन रकानाभर येते आणि शरीर व यंत्र जिथे एकमेकांना भिडतात त्या सॉकेटबद्दल, म्हणजे उरलेला अवयव ज्यात बसतो त्या पोकळ कवचाबद्दल, एक ओळही नसते. कृत्रिम अवयव रोज अंगावर चढणार की कपाटात पडून राहणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. म्हणून हे पत्र.

स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा हात घ्या. संकेत टिपणारे इलेक्ट्रोड सॉकेटच्या आतून कातडीला सतत टेकलेले असावे लागतात. टेबलापाशी बसून पेला उचलताना सगळे सुरळीत चालते. तोच हात फडताळाच्या वरच्या कप्प्याकडे नेला की वजनाने सॉकेट किंचित घसरते, कातडीखालचा स्नायू सरकतो आणि मूठ मिटण्याचा संकेत यंत्राला ओळखू येत नाही. घामाने संकेत आणखी बदलतात. इलेक्ट्रोडच कातडीवरून उचलला गेला असेल तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही.

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तिथे प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो. तो कुठे द्यायचा हे शरीररचनेने ठरवून दिले आहे. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा रुंद उतार, नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू आणि मागची पोटरी या जागा दाब सोसतात. नडगीची धार, तिचे कापलेले टोक आणि बाहेरच्या बारीक हाडाचे डोके या जागा सोसत नाहीत. त्या डोक्याच्या लगेच खाली हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तिथे सॉकेट रुतले तर कळ येते, मुंग्या येतात.

म्हणूनच माप घेताना स्टंपवर (कापल्यानंतर उरलेल्या पायावर) ओला पातळ मोजा चढवून न पुसणाऱ्या पेन्सिलीने या जागा आखतात, गुडघा थोडा वाकवून प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, आणि आखलेल्या खुणा प्लास्टरच्या आत व तिथून ओतलेल्या साच्यावर उतरतात. सॉकेट याच साच्यावर घडते, म्हणून मग खरे काम सुरू होते. भार घ्यायच्या जागी साचा खरवडायचा, नाजूक जागी साधारण 3 ते 6 मिमी प्लास्टर चढवायचे. चांगले सॉकेट स्टंपची हुबेहूब प्रत कधीच नसते. फोनच्या स्कॅनरने आकार घेऊन, सगळीकडे सारखी जाडी देऊन थेट छपाई करणारे प्रकल्प नेमके इथे फसतात. स्कॅनरला मिळतो तो बिनभाराच्या पायाचा आकार, आणि कातडीखाली हाड आहे की मांस हे त्याला कळत नाही. स्कॅनर वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. खरवडण्या-चढवण्याचे काम मग संगणकावर करावे लागते, आणि ते कुणीतरी जाणत्यानेच करावे लागते.

बसवणी तपासायला महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकचे चेक सॉकेट (तपासणीपुरते बनवलेले) घालून उभे राहिले की कुठे कातडी पांढरी पडते ते दिसते. तळाशी प्लॅस्टिसिनची (मऊ खेळमातीची) छोटी गोळी ठेवावी. जशीच्या तशी राहिली तर टोक तळाला टेकत नाही. पार चपटी झाली तर स्टंप खाली बुडाला आहे. दोन्ही वाईट. पहिल्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते, कारण सुरुवातीला दुखत नाही. पण वरून आवळलेले आणि खाली मोकळे सॉकेट टोकाशी सूज ओढून आणते. कातडी काळपट, मग जाड आणि खडबडीत होते, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर चिरते. सॉकेट काढल्यावर उठलेली लाली 10 ते 15 मिनिटांत जायला हवी. त्यापुढे राहिली तर दुरुस्तीशिवाय तो पाय पुन्हा घालू नये.

सकाळी नीट बसलेले सॉकेट संध्याकाळी सैल होते. दिवसभरात स्टंपचे आकारमान घटते, पाय आत बुडतो, आणि कंडरेवर असलेला भार नडगीच्या टोकावर जातो. उपाय साधा आहे: वेगवेगळ्या जाडीचे मोजे जवळ ठेवायचे आणि बुडल्यासारखे वाटताच एक चढवायचा. शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष-दीड वर्ष स्टंप सतत आटत असतो. मोज्यांचे थर 10 प्लायच्या (प्लाय हे मोज्याच्या जाडीचे माप) पुढे गेले की सॉकेट बदलायची वेळ आली, आणखी मोजे चढवायची नाही. हे प्रत्येक वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी हातात मोजे देऊन शिकवले पाहिजे.

दुखणारी प्रत्येक जागा सॉकेट घासून बरी होत नाही, हेही सांगायला हवे. नडगीच्या टोकाशी पुढून आणि गुडघ्यामागे वरून अशी लाली एकाच वेळी दिसली, तर टाच टेकताना गुडघा जोराने पुढे ढकलला जातो आहे. पाऊल फार मागे बसवले असेल, टाच फार कडक असेल किंवा पंजा वर उचललेला असेल. लाली याच्या उलट, म्हणजे वर पुढून आणि खाली मागून असेल, तर पाऊल फार पुढे आहे आणि गुडघा मागे रेटला जातो. अशा वेळी सॉकेट खरवडले तर दुखणे फक्त जागा बदलते आणि चांगले सॉकेट बिघडते. आधी अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट आणि पाऊल यांची एकमेकांशी जुळवणी, पाहावी. त्याच्याही आधी बूट पाहावा, कारण आधीपेक्षा उंच टाचेचा बूट घातला की सगळा पाय पुढे कलतो आणि गुडघा दुमडू लागतो.

आता छापलेल्या पायांविषयी. कृत्रिम पायाच्या रचनेसाठी आयएसओ 10328 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 60, 80, 100 किलो अशा वजनगटांनुसार भार ठरवून 20 लाख आवर्तनांची चाचणी घेतात. रोज 5,000 पावले चालणाऱ्याचा एक पाय 2,500 वेळा टेकतो, म्हणजे ही चाचणी सुमारे 800 दिवसांच्या चालण्याइतकी. पण हे आकडे मुख्यतः सॉकेट व पावलामधली नळी, जोड आणि पाऊल यांना डोळ्यांसमोर ठेवून आखले आहेत. प्रत्येक माणसासाठी वेगळ्या बनणाऱ्या सॉकेटची कसोटी वेगळी हवी. छापलेले सॉकेट थरांच्या सांध्यावर उकलते, तेही बहुधा खाली, नळीला जोडणारा अॅडाप्टर जिथे बसतो तिथे. छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेला पाय वाकडा व्हायला एवढे पुरते. नमुना तपासायला पीएलए चालेल, रोज चालायला नाही.

संशोधकांनाही एक विनंती. सॉकेटमध्ये चिकटवलेली पातळ दाबपट्टी वक्र जागी दुमडली की न पडलेला दाब दाखवते, तापमान आणि वेळेनुसार तिचे आकडे सरकतात, आणि कातडीला ओरबाडणारे घर्षणाचे बल ती मोजतच नाही. संगणकावरची रंगीत दाबचित्रे देखणी असतात. पण त्यांत मांस सरळसोट रबरासारखे धरले असेल आणि सॉकेट चढवतानाचा ताण वगळला असेल, तर तो लाल डाग नक्की कशाचा हे सांगता येत नाही. ट्रेडमिलवरच्या दहा मिनिटांत संध्याकाळचे सैल सॉकेट दिसत नाही. सॉकेटमध्ये एक तापमान सेन्सर आणि नळीवर एक हालचाल मोजणारा सेन्सर बसवला, तर पाय दिवसात किती तास अंगावर होता आणि किती पावले पडली हे आठवडेच्या आठवडे नोंदवता येते. ही नोंद प्रत्येक शोधनिबंधात असावी.

सॉकेट टाळता येते का? हाडात टायटॅनियम बसवून पाय थेट त्याला जोडण्याची पद्धत स्वीडनमध्ये 1990 पासून सुरू झाली. काहींना तिचा मोठा लाभ होतो, पण धातू कातडीतून बाहेर येतो तिथे संसर्गाचा धोका कायम राहतो. बाकी बहुतेकांना सॉकेटच वापरायचे आहे. 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला, तेव्हा त्यांचा आरंभ माणूस बसतो कसा, अनवाणी चालतो कसा, इथून झाला होता. मोटर कुठली बसवायची हा प्रश्न त्याच वाटेने शेवटी यायला हवा.

आपल्या बातमीदारांनी पुढच्या वेळी असे उपकरण पाहायला गेल्यावर चार गोष्टी विचारून छापाव्यात: किती लोकांनी वापरले, रोज किती तास, किती महिने, आणि ज्यांनी सोडले त्यांनी का सोडले. पाचवीही विचारावी: जोडाचे स्क्रू सैल झाले, तर ते निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला (पिळण्याच्या ठरावीक जोराला) आवळून देणारे माणूस वापरणाऱ्याच्या आवाक्यात आहे का?

आपले,
कृत्रिम अवयव आणि जैवयांत्रिकी क्षेत्रात काम करणारे काही वाचक