केनेडी हत्या : जबाबावर वेळही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येवरचा लेख वाचला. ‘साक्षीदारांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे खरा मारेकरी दुसराच’ असा त्याचा सूर आहे. सोबतच्या चौकटीत दहा-बारा साक्षीदारांची वाक्ये आहेत, पण ती कोणी, कोणापुढे आणि किती वाजता सांगितली हे एकाही ठिकाणी दिलेले नाही. या प्रकरणात सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबाराला गोळ्या झाडल्या गेल्या. १२ वाजून ४५ मिनिटांनी पोलिसांच्या रेडिओवर संशयिताचे वर्णन गेले : गोरा पुरुष, वय सुमारे ३०, सडपातळ, उंची ५ फूट १० इंच, वजन १६५ पौंड, म्हणजे ७५ किलोच्या आसपास. ज्याच्यावर हत्येचा आरोप आला तो ली हार्वे ऑस्वाल्ड २४ वर्षांचा होता. शवविच्छेदनाच्या नोंदीत त्याची उंची ५ फूट ९ इंच आणि अंदाजे वजन १५० पौंड आहे. लेखकाने या फरकावर पूर्ण परिच्छेद खर्च केला आहे. मुळात हे वर्णन डॅलसमधल्या हजारो तरुणांना लागू पडले असते. त्यावरून ऑस्वाल्ड दोषी ठरत नाही आणि सुटतही नाही. हे वर्णन कोणाकडून आले, हा खरा प्रश्न आहे. ते पुढे कळवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्याचे नाव सांगता आले नाही. तो बहुधा हॉवर्ड ब्रेनन असावा, असे हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने मानले.

ब्रेनन पाइप जोडणीचे काम करणारा कामगार. शालेय पुस्तकांच्या कोठाराच्या ज्या इमारतीतून गोळ्या आल्या तिच्या समोरच्या काँक्रीटच्या कट्ट्यावर तो बसला होता आणि गोळीबाराची खिडकी त्याच्यापासून सुमारे १२० फुटांवर होती. (आपण ‘सहावा मजला’ लिहिता ते अमेरिकी मोजणीने. तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, त्यामुळे आपल्या हिशेबाने तो पाचवा.) माणूस उभा राहून गोळ्या झाडत होता, असे ब्रेनन म्हणाला. हे शक्य नव्हते. खिडकी खालून अर्धीच उघडी होती आणि आत खोक्यांची रास होती. उभ्याने नेम धरला असता तर गोळी काचेतून गेली असती. मग ब्रेनन खोटे बोलला का? त्याच इमारतीत बरोबर खालच्या मजल्यावर तीन कर्मचारी मिरवणूक पाहत होते. तेही उभे होते, असेच ब्रेननने सांगितले. प्रत्यक्षात ते खिडकीशी गुडघे टेकून किंवा उकिडवे बसले होते. गोळीबारानंतर काही सेकंदांत काढलेले छायाचित्र उपलब्ध आहे. या इमारतीत खिडक्यांचे उंबरे जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आहेत, त्यामुळे गुडघ्यांवर बसलेला माणूस रस्त्यावरून उभा वाटतो. दोन्ही मजल्यांवर चूक एकच झाली, एकाच कारणाने झाली, आणि ती फोटोशी ताडून पाहता येते. अशा चुकीने साक्षीदार बाद होत नाही. मात्र त्याने सांगितलेल्या उंचीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती त्याने पाहिलेली नव्हती, मनाने पुरी केलेली होती. वजनाचेही तसेच. त्या दिवशीच्या प्रतिज्ञापत्रात १६५ ते १७५ पौंड, मार्च १९६४ मध्ये आयोगापुढे १६० ते १७०. कपडे फिकट रंगाचे होते, असे त्याने लिहून दिले, तर अटकेच्या वेळी ऑस्वाल्डच्या अंगात तपकिरी शर्ट होता. ही विसंगती मात्र खरी आहे आणि तिला उत्तर मिळालेले नाही.

ओळखपरेडवर तर याहून कडक लिहायला हवे होते. त्या संध्याकाळी ब्रेननने ठाम ओळख दिली नाही. कुटुंबाच्या जिवाच्या भीतीने गप्प राहिलो, असे त्याने नंतर सांगितले. पण परेडीआधी त्याने ऑस्वाल्डला टीव्हीवर पाहिले होते, आणि तिथेच त्या ओळखीची किंमत संपते. प्रत्येक परेडीत चौघेच. काहींत ऑस्वाल्डच्या शेजारी पोलीस खात्याचीच माणसे उभी होती, तीही ऑस्वाल्डसारखा चेहऱ्यावर मार नसलेली. दुसऱ्या दिवशी तर पोरांच्या रांगेत उभे केले म्हणून तो पोलिसांवर ओरडत होता. हा आवाज ऐकून कोणीही त्याला ओळखले असते, असे साक्षीला आलेल्या टॅक्सीचालकानेच आयोगाला सांगितले. आयोगानेही ब्रेननच्या ओळखीवर आपला निष्कर्ष उभा केला नाही. लेखात हे यायला हवे होते.

रायफलीचा वाद त्या मानाने सोपा आहे. इमारतीत सापडलेली रायफल ७.६५ची माउझर (एक जर्मन बनावट) असल्याचे शोध घेणाऱ्या एका अधिकाऱ्याने लिहून दिले. त्याने ती हातात घेऊन शिक्का वाचला नव्हता, दुरून बोल्टची (गोळी भरण्याच्या सरकत्या खटक्याची) घडण पाहिली होती. ती रायफल इटालियन कार्कानो होती आणि कार्कानोचा बोल्ट माउझरच्या धर्तीचाच आहे. प्रत्यक्ष बंदुकीवर ‘मेड इटली’, ‘कॅल. ६.५’ आणि सी २७६६ हा क्रमांक कोरलेला आहे. कोरीव अक्षरे समोर असताना नजरेचा अंदाज कशाला धरायचा?

केनेडींनंतर त्याच दुपारी डॅलसमध्ये मारल्या गेलेल्या टिपिट या पोलिसाच्या खुनाबाबत लेखात सरळ चूक आहे. घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या म्हणजे पिस्तूल ऑटोमॅटिक होते, हे त्या दुपारी रेडिओवर गेलेले वाक्य आपण निष्कर्ष म्हणून छापले. ऑटोमॅटिक प्रत्येक गोळीमागे पुंगळी बाहेर फेकते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्रातच राहते आणि हाताने काढावी लागते. पळणारा माणूस चालता चालता पुंगळ्या झटकत होता, हे तिथल्या लोकांनी पाहिले होते. जमिनीवरच्या पुंगळ्या त्यामुळेच. त्या चार पुंगळ्या ऑस्वाल्डच्या .३८ रिव्हॉल्व्हरशी जुळल्या. शरीरातल्या गोळ्या मात्र एफबीआयच्या तज्ज्ञांना जुळवता आल्या नाहीत, कारण चेंबर (काडतूस बसण्याची जागा) बदललेल्या त्या रिव्हॉल्व्हरच्या नळीपेक्षा गोळी किंचित बारीक होती आणि तिच्यावर ठसे एकसारखे उमटत नव्हते. लेखकाला खराच प्रश्न विचारायचा असेल तर तो इथे आहे : पुंगळ्यांत दोन विंचेस्टर-वेस्टर्न कंपनीच्या आणि दोन रेमिंग्टन-पीटर्सच्या, गोळ्यांत मात्र तीन आणि एक. एखादी गोळी हुकली असेल, एखादी पुंगळी सापडली नसेल. आयोगाने शक्यता मांडल्या, पण हिशेब पुरता लागलेला नाही. पळणाऱ्याच्या जाकिटाचा रंग कोणी पांढरा सांगितला, कोणी गडद. सापडले ते फिकट राखाडी. भर दुपारच्या उन्हात पळणाऱ्या माणसाच्या अंगावरचे फिकट राखाडी पांढरे दिसणे यात मला नवल वाटत नाही. ‘गडद’ सांगणाऱ्यांचे कोडे त्यापेक्षा अवघड आहे.

गोळीबाराच्या आवाजाबद्दल ‘बहुतेकांनी टेकडीकडून (रस्त्यालगतच्या, मिरवणुकीच्या पुढच्या गवताळ उंचवट्याकडून) ऐकला’ हे विधान तर आकड्यांनीच खोडले जाते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या हत्या चौकशी समितीने १९७० च्या दशकाअखेर १७८ जबाब मोजले. ४९ जणांनी पुस्तकांच्या इमारतीचे नाव घेतले, २१ जणांनी टेकडीचे, ३० जणांनी अन्य ठिकाणचे, आणि ७८ जणांना दिशा सांगता आली नाही. सर्वांत मोठा गट ‘माहीत नाही’वाल्यांचा आहे. त्याचे कारण त्या चौकात आहे. रायफलीची गोळी आवाजाच्या वेगाच्या जवळपास दुप्पट वेगाने जाते. तिच्या वाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला आधी गोळीचा तडाखा ऐकू येतो आणि मग नळीचा बार, तोही भिंतींवरून परतलेल्या पडसादांत मिसळून. दिशा हरवते. संख्या टिकते : त्याच १७८ पैकी १३२ जणांनी नेमके तीन बार सांगितले, आणि खिडकीच्या आत पुंगळ्याही तीनच होत्या.

केनेडींच्या गळ्यावरची जखम ‘डॉक्टरांनी समोरून लागलेली ठरवली’ हेही दुरुस्त करावे. केनेडींना जिथे नेले त्या पार्कलँड रुग्णालयाच्या डॉ. माल्कम पेरी यांनी ती गोळी आत शिरल्याची वाटते, असे त्या दुपारी पत्रकारांना सांगितले, तेव्हा पाठीवरची जखम त्यांनी पाहिलेली नव्हती. श्वासनलिकेसाठी चीर त्यांनी त्याच छिद्रातून घेतली होती, म्हणून बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्यांना तिथे फक्त चीर दिसली. त्याखाली गोळीचे छिद्र होते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पेरींना फोन केल्यावर कळले.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यातल्या चौकटीत प्रत्येक वाक्यापुढे तारीख, वेळ आणि जबाब कोणापुढे झाला एवढे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक