घटक 'स्वतंत्र' सापडले की तसे धरले?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या मानसिक ताणावरच्या लेखात 'ताणाचे 4 स्वतंत्र घटक सापडले' असे वाक्य आहे. तक्त्याखाली बारीक अक्षरांत 'व्हॅरिमॅक्स पद्धत' असेही छापले आहे. जन्म संख्याशास्त्र शिकवण्यात गेला, त्यामुळे माझी नजर आधी त्या बारीक अक्षरांवरच गेली. ते घटक स्वतंत्र 'सापडलेले' नाहीत. ते स्वतंत्रच असले पाहिजेत, ही अट घटक विश्लेषणाच्या त्या पद्धतीतच आहे.

घटक विश्लेषण भरमसाट प्रश्नांमागचे थोडे घटक शोधते, पण त्या घटकांचे अक्ष कोणत्या दिशेने धरायचे हे आकडे सांगत नाहीत. समजा, एका प्रश्नाचा भार, म्हणजे घटकाशी त्याचे नाते किती घट्ट आहे तो आकडा, दोन घटकांवर 0.6 आणि 0.6 आहे. अक्ष 45 अंशांनी फिरवले की तोच प्रश्न एकावर 0.85 आणि दुसऱ्यावर शून्य! वर्गांची बेरीज आधीही 0.72, नंतरही 0.72. माहिती तेवढीच, फक्त वाचायला सोपी झाली. आम्ही शिकत असताना आलेखावर पारदर्शक कागद ठेवून तो टाचणीभोवती हाताने फिरवायचो. कुठे थांबायचे यावरून मैत्रिणींशी अबोला धरल्याचेही आठवते. प्रत्येक प्रश्न शक्यतो एकाच घटकाला चिकटावा, या मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांच्या कल्पनेला कायझर यांनी 1958 मध्ये व्हॅरिमॅक्सचे सूत्र दिले आणि आमच्यासारख्यांची भांडणे मिटली. सूत्र देखणे आहे, पण ते अक्षांमधला काटकोन मोडू देत नाही, आणि काटकोन म्हणजे घटकांमध्ये सहसंबंध शून्य.

आता चिंता, चिडचिड आणि झोप न लागणे यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, हे कुणाला पटेल? अशा वेळी ऑब्लिमिन किंवा 1964 पासून प्रचलित असलेली प्रोमॅक्स ही तिरकी पद्धत वापरावी. ती अक्षांना कलू देते आणि घटकांमधला सहसंबंध वेगळा छापून देते. संबंध नसेलच, तर तो आकडा शून्याजवळ येतो, नुकसान काहीच नाही. काटकोन लादला, की खरा संबंध भलत्याच घटकांवर बारीकसारीक भार होऊन सांडतो.

तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याला मी विचारले होते, "व्हॅरिमॅक्सच का?" तो म्हणाला, "मॅडम, ते आपोआपच आलं." खोटे नव्हते. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीत फॅक्टॅनल ही आज्ञा काही न सांगता व्हॅरिमॅक्स लावते. त्याच प्रणालीतल्या 'साइक' संचातली एफए ही आज्ञा मात्र ऑब्लिमिन लावते. म्हणजे घटक स्वतंत्र की संबंधित, हे आज्ञा कोणती टंकली यावर ठरायचे!

लेखकाकडे मूळ उत्तरे असतील, तर हे पाच मिनिटांचे काम आहे. तिरकी पद्धत लावून चार घटकांमधले सहा सहसंबंध छापावेत. सहाही शून्याजवळ निघाले, तर 'स्वतंत्र' या शब्दाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेईन.

– एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापिका