दिव्यावरचे घरटे

मॅडिसन, विस्कॉन्सिन
12 मे

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे झाडांना आता कुठे पालवी फुटते आहे, आणि गेले तीन आठवडे आम्ही मागच्या दाराने ये-जा करीत आहोत. कारण पुढच्या दारावरील दिव्यावर रॉबिनने घरटे केले आहे.

इंग्रजीत दयाळालाही रॉबिन म्हणतात, पण नावावरून तो डोळ्यांपुढे आणू नका. युरोपातून आलेल्या लोकांना याची विटकरी छाती पाहून मायदेशीचा रॉबिन आठवला, म्हणून हे नाव पडले. वास्तविक हा सह्याद्रीतल्या कस्तुराचा भाऊबंद. वसंतात सरासरी तापमान 3 अंशांच्या आसपास आले की गोठलेली जमीन सैल होते, गांडुळे वर येतात आणि त्यांच्यामागे हे पक्षी उत्तरेकडे सरकत जातात. पहिला रॉबिन दिसल्याची तारीख इथले लोक हौसेने टिपतात. मला त्यात खोट दिसते, कारण काही रॉबिन झुडपांवरची फळे खाऊन हिवाळाभर इथेच राहतात. म्हणून मी नर गाऊ लागल्याची तारीख धरली: 19 मार्च.

मादीने 17 एप्रिलला बांधकाम काढले. चोचीतून गवत आणि चिखल आणायचा, मग आत बसून छातीने रेटत गरगर फिरायचे, असे तिने इतक्या वेळा केले की घरट्याची वाटी आईने सारवलेल्या चुलीसारखी गुळगुळीत झाली आणि तिच्या छातीवर चिखलाचा आडवा पट्टा उमटला. 24 ते 27 एप्रिल रोज एक, अशी चार निळी अंडी झाली. मध्यंतरी मी विसरून दार उघडले, ती उडाली आणि बराच वेळ परतली नाही. त्या थंडीत अंड्यांचे काय होणार, या विचाराने मला जेवण गेले नाही. परवा पिल्ले बाहेर आली.

बाबा, पहिल्या पावसाची तारीख तुम्ही कॅलेंडरवर लिहिता, त्याच चौकटीत यंदा तिबोटी खंड्याचीही लिहावी. मृगाच्या सुमारास तो पऱ्ह्याकाठच्या दरडीत बीळ कोरायला येतो. नुसता दिसला त्या दिवसापेक्षा चोचीत सापसुरळी धरून बिळात शिरला तो दिवस महत्त्वाचा, कारण तेव्हा आत पिल्ले असतात. गतवर्षी वाट रुंद करताना निम्मी दरड गेली. उरलेली निदान सप्टेंबरपर्यंत कोणाला खणू देऊ नये, ही विनंती.

आजीला नमस्कार सांगावा. पिल्ले दोन आठवड्यांत उडतील. मग पुढचे दार उघडू.

आपला आज्ञाधारक,
सुधीर