'टू'पुढे चहाचा कप ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुम्ही नाशिकला मुलाकडे राहायला गेलात त्याला आता दोन वर्षं होतील. फोनवर तब्येतपाण्याचं बोलणं होतं, हे मात्र राहून जातं. समोर बसून आभार मानावेत तर तुम्ही "पुरे रे, चहा निवतोय" म्हणून उडवून लावणार. म्हणून पत्र, आणि तेही चारचौघांत.

2016 मधली ती मुलाखत तुम्हाला आठवत असेल. साहेबांनी विचारलं, उशिरापर्यंत थांबावं लागेल, जमेल का? मी छाती काढून म्हणालो, "आय यूज्ड टू वर्क लेट." मला सांगायचं होतं की सवय आहे. सांगितलं गेलं ते असं की पूर्वी थांबायचो, आता नाही. साहेब हसले आणि पुढचा प्रश्न आलाच नाही. नोकरी त्या एका वाक्याने गेली असं मी म्हणणार नाही, बाकीही दिवे लावलेच होते. पण जिन्यात माझं तोंड बघून तुम्ही "आत ये" म्हणालात.

शाळेत आम्हाला एकच मंत्र दिलेला: 'टू' दिसला की पुढे क्रियापदाचं पहिलं रूप. टू गो, टू ईट, टू स्लीप. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर दोन अर्धी वाक्यं लिहिलीत: 'आय वॉन्ट टू' आणि खाली 'आय लुक फॉरवर्ड टू'. मग माझ्यापुढचा कप उचलून खालच्या वाक्याच्या टोकाला ठेवलात. "वाच." आय लुक फॉरवर्ड टू टी. चहाची वाट बघतोय. बसलं. "आता वरच्यापुढे ठेव." आय वॉन्ट टू टी. काही केल्या बसेना.

चहा बसतो तिथला 'टू' हा शब्दयोगी अव्यय. त्याला पुढे नाम लागतं. क्रियापद आणायचंच असेल तर आयएनजी लावून, त्याचं नाम करून आणायचं. म्हणून लुक फॉरवर्ड टू मीटिंग, ऑब्जेक्ट टू पेइंग, आणि माझं ते नशीब फिरवणारं वाक्य, आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट. त्यातला 'ॲम' खाल्ला की सवय संपते आणि भूतकाळ सुरू होतो. "आपण तरी 'लवकर उठची सवय' म्हणतो का?" तुम्ही विचारलंत. "'उठ'चं आधी 'उठणे' करतो, मग 'उठण्याची'. त्यांनीही तेच केलंय." बारा वर्षं इंग्रजी शिकून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते मराठीच्या दारातून आत आलं. त्या कागदावर कपाच्या बुडाचा गोल डाग आहे. कागद जपून ठेवलाय.

मग मीही वाद घालायला लागलो. बिझीपुढे आयएनजी येतं, पण 'बिझी टी' कुठे होतं? तुमची कसोटी फसली! तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिथला 'इन' गळून पडलाय. हॅव डिफिकल्टी इन फाइंडिंग, यात तो अजून कधीकधी दिसतो. आपण 'बोलण्यात गुंग' म्हणतो, त्यातला 'त' काढून बघ." स्पेंड टाइमचंही तसंच, वाचण्यात वेळ घालवला. 'वर्थ सीइंग' म्हणजे बघण्यासारखं, हे तर सांगावंही लागलं नाही.

'कान्ट हेल्प लाफिंग'चं मी केलेलं भाषांतर आठवतं ना? 'मी हसायला मदत करू शकत नाही.' तुम्ही चष्मा काढून पदराने डोळे पुसलेत. इथे हेल्प म्हणजे टाळणं, असं सांगायला तुम्हाला पाच मिनिटं लागली, कारण हसू टाळता येत नव्हतं.

आणि माझा निबंध. अण्णांनी बिडी सोडली म्हणून कौतुकाने लिहिलं, 'माय फादर स्टॉप्ड टू स्मोक'. तुम्ही समासात बारीक अक्षरात लिहिलंत: 'म्हणजे चालता चालता थांबले आणि बिडी पेटवली. अण्णांना न्याय दे.' स्टॉप्ड स्मोकिंग केलं. (अण्णांनी पुढे खरोखरच दोनदा स्टॉप्ड टू स्मोक केलं, ते वेगळं.)

वर्षभर शिकवलंत, फी घेतली नाहीत. एकदा पाकीट आणलं तर त्यात चिल्लर भरून परत दिलंत, "एसटीला होतील" म्हणून. आज मी मालवाहतुकीच्या ऑफिसात दिवसाला चाळीस-पन्नास ईमेल लिहितो. मागच्या आठवड्यात नव्या पोराने मसुदा दाखवला: वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह युवर पेमेंट. मी काही बोललो नाही. प्रिंट काढली आणि 'टू'च्या पुढे माझा कटिंगचा ग्लास ठेवला. त्याला वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं.

दिवाळीत नाशिकला येतोय. आईने चकलीची भाजणी काढून ठेवली आहे, पाठकोरे कागदही घेऊन येतो. एक अडलंय. 'द शर्ट नीड्स वॉशिंग'. शर्ट काही स्वतः धुवायला बसत नाही, मग तिथे 'वॉशिंग' कसं? मी त्या पोराला "बाईंना विचारून सांगतो" म्हटलंय.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा