ईराच्या अजगराबद्दल

ता. नागभीड, जि. चंद्रपूर
२ ऑगस्ट

प्रिय दिलीप,

तुझा मेल मिळाला, व्हिडिओही पाहिला. तुझ्या ईराचा हात काचेजवळ गेला की ते अजगराचं पोर मान आखडून घेतं, फूत्कारतं, आणि झाकण उघडलं की थेट झेप. फोनवरच बोललो असतो, पण इथं झड लागली की टॉवर जातो. शिवाय फोनवर सांगितलेलं तू अर्धंच ऐकतोस, हे मला हॉस्टेलपासून ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहितो. ईराला मराठी वाचता येत असेल तर पत्र तिच्याच हातात दे. साप तिचा आहे, तुझा नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी अजगर पकडतो आणि सोडतो, पाळत नाही. आपल्याकडचा अजगर पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेला आहे. तुमच्या घरातला आहे तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. तुमचे इंग्रज लोक त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. मोठा झाला तरी चार-पाच फुटांचा; आपला अजगर दहा फूट सहज गाठतो. पण लहानपणचं भ्यायचं दोघांचं सारखंच. त्यामुळे खाली तापमानाचे वगैरे जे आकडे देतो ते वाचून आणि पाळणाऱ्यांना विचारून गोळा केलेले आहेत, आणि स्वभावाबद्दल लिहितो ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

तू लिहितोस, "फारच रागीट निघाला, दुकानदार बदलून देतो म्हणतो." बदलू नको. दुसरं पिल्लूही नव्या घरात हेच करील. राग नाहीच तो. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते. आपल्याकडची तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते, आणि तेवढे दिवस बहुधा काही खात नाही. पण पिल्लं बाहेर आली की तिचा संबंध संपला. हातभर जीव, आणि मुंगूस, घोरपड, घुबड, रानमांजर सगळ्यांना तो चालतो. मोठा अजगर अंगाच्या भरवशावर शेताच्या धुऱ्यावर निवांत पडून राहतो, माणसं बाजूनं गेली तरी हलत नाही. पिल्लाकडे तो भरवसा नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी आहेत: दडून बसणं, आणि दडायला जागा नसेल तर 'मी लई वाईट आहे' असं सोंग करणं. तुमच्या पोराला दडायला जागाच नाही. व्हिडिओत मला काच दिसली, खाली कागद दिसला, पाण्याची वाटी दिसली, आणि मागे तुझा टीव्ही. चारही बाजूंनी उजेड आणि माणसं. मी असतो तर मीही चावलो असतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासोळ्यांसाठी लावलेल्या जाळ्यात अजगराचं एक पिल्लू अडकलं. मी पोहोचलो तेव्हा भोवती निम्मं गाव. नायलॉनचा धागा मानेच्या मागं खवल्यांत रुतलेला, आणि ते येईल त्याच्यावर झेपावत होतं. माझ्यावर, कातरीवर, पाण्यात हललेल्या काडीवरसुद्धा. एकेका फूत्काराबरोबर अंगावरचे खवले विलग होत आणि मधली पांढुरकी कातडी दिसे. शेपटीजवळून तो घाण दर्प सुटलेला, जो शर्टाला लागला तर दोन धुण्यांत जात नाही. धागा कापला, कापडी पिशवीचं तोंड त्याच्यापुढं धरलं, ते आत सरकलं, मी गाठ मारली. आणि आवाज बंद. पिशवीला बाहेरून हात लावला तरी काही नाही, फक्त आत हळूहळू आवळत गेलेली गुंडाळी हाताला कळत होती. फॉरेस्टचा गार्ड नवीन होता, तो म्हणाला, "भाऊ, मेलं का?" मेलं नव्हतं. त्याला अंधार मिळाला होता आणि अंगाला चहूकडून कापड लागलं होतं, एवढंच. मी त्याला शांत करायला वेगळं काही केलं नव्हतं.

तेव्हा ईराचं पहिलं काम हात लावायचं नाही, घर नीट करायचं. लपायला दोन ढोल्या दे, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच दिलीस तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि भ्यालेला साप आडोसा निवडतो, मग गार पडतो, मग खात नाही. ढोली ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि बाजूंना टेकली पाहिजे. दुकानात मिळते तीच हवी असं नाही, उलटं ठेवलेलं प्लास्टिकचं भांडं, त्याला दार कापलेलं, चालतं. मधल्या मोकळ्या जागेत खोटी पानं, साली, नळकांडी, काय मिळेल ते भर. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लाव. आणि टीव्हीसमोरून हलव रे बाबा. हवेतला आवाज त्याला आपल्यासारखा ऐकू येत नसला तरी जमिनीतली, लाकडातली थरथर त्याला पोटातून कळते.

गरम बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२६, ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास. गरम करायचं जे काही असेल त्याला ऊब आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट लागतोच, नाहीतर पोट भाजतं आणि सापाला ते वेळेवर कळत नाही. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर लावून घरं कोरडी होतात, तेव्हा ओलाव्याकडे लक्ष दे.

मग एक-दोन आठवडे त्याला विसरून जा. पाणी बदलायचं, घाण काढायची, खायला द्यायचं, बस्स. ईराला हे सगळ्यात जड जाईल, मला माहीत आहे. आईला मी तुझा व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, "पोरीले म्हनाव, घाई नोको करू. नवी सून बी आठ रोज बोलत नाही." आईनं जन्मात साप हातात धरला नाही, पण बोलली खरं. या काळात त्यानं एकदा तरी बिनतक्रार खाल्लं पाहिजे, शक्यतो दोनदा. खाणारा साप म्हणजे जागेवर बसलेला साप. तोवर हात लावू नये, आणि खाल्ल्यावर पुढचे दोन दिवस तर अजिबातच नाही. पोट भरलेलं असताना उचललं तर तो ओकून टाकतो, आणि त्यानंतर परत सावरायला त्याला बरेच दिवस लागतात.

आता झेपेबद्दल. झेप दोन तऱ्हेची असते आणि तू दोन्ही एकत्र करतोयस. भ्यालेल्याची झेप: मान नागमोडी आखडलेली, डोकं उचललेलं, अंग फुगवून फूत्कार, आणि वार करून लगेच मागे. पुष्कळदा तोंड मिटलेलंच असतं, नुसती धडक देतो. भुकेल्याची झेप: आवाज नाही, डोकं ढोलीच्या तोंडाशी, जीभ सावकाश आत-बाहेर, नजर तुमच्या बोटांवर, आणि चावला की सोडत नाही, वर वेटोळं टाकतो. व्हिडिओतल्या पहिल्या दोन झेपा भीतीच्या आहेत. शेवटची मला भुकेची वाटते. ईरानं त्याआधी उंदीर हाताळला होता का, विचार. गोठवलेला उंदीर गरम पाण्यात ठेवून गरम करायचा, सापाला द्यायचा तो लांब चिमट्यानंच, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. सापाच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला ऊब जाणवते. उंदराचा वास असलेला गरम हात म्हणजे त्याच्या लेखी उंदीरच.

उचलायची वेळ आली की पंजा वरून आणायचा नाही. त्याच्यावर वरून जे येतं ते घार, घुबड, मांजर. हात खालून, बाजूनं, सावकाश आणा, पण मध्येच थांबू नका; घुटमळणारा हात त्याला जास्त घाबरवतो. आधी कागदाच्या गुंडाळीनं किंवा हुकनं त्याच्या अंगाच्या मध्यावर हलका स्पर्श करा. जेवण आलेलं नाही, हे त्याला त्यावरून कळायला लागतं. मग ढोली उचलून बाजूला ठेवायची (ढोलीतून ओढून काढायचं नाही, त्याच्या घरात शिरून त्याला कुणी ओढू नये) आणि अंगाच्या मध्याखालून हात घालून, दोन ठिकाणी आधार देऊन वर घ्यायचं. डोकं धरायचं नाही. मला विषारी सापाचं डोकं धरणारे फोटोबाज सर्पमित्र आवडत नाहीत, आणि बिनविषारी पिल्लाचं धरणारे तर मुळीच नाहीत.

पहिल्यांदा दोन-चार मिनिटं पुरे. ईरानं जमिनीवर बसावं, म्हणजे पडलं तरी लागणार नाही. तो बॉलसारखा गोळा होईल, डोकं मध्ये दाबून. त्याचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलंय. त्याला उलगडायचं नाही. हातावर तसाच राहू द्या. थोड्या वेळानं डोकं बाहेर येतं, जीभ चालू होते. तेव्हा, शांत असताना, परत ठेवा. झेप मारली म्हणून लगेच सोडून दिलात तर झेपेनं काम होतं हे तो शिकतो. म्हणून झेपेनंतर क्षणभर थांबा, तो सैलावू द्या, मग ठेवा. पण रोज रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा.

तुला कुणीतरी अंगातला टी-शर्ट आत ठेवायला सांगितलंय, त्यात मला फारसा दम वाटत नाही. घडीत शिरायला मिळतं, एवढाच त्याचा फायदा असावा. बागकामाचे जाड हातमोजेही काढून टाका. त्यांतून सापाचं अंग कळत नाही आणि मग माणूस आवळून धरतो. भीती वाटत असेल तर लांब बाह्यांचा शर्ट पुरे.

चावला तर काय होईल? विष नाही. बारीक, मागे वळलेले दात, टाचण्या टोचल्यासारखे ठिपके, रक्ताचे चार थेंब. हात ओढायचा नाही, ओढला की कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. धरून राहिला तर तोंडाजवळ थंड पाणी सोडा. साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते बघा. चावण्यापेक्षा मला काळजी साल्मोनेलाची, सापाच्या घाणीतून पोटात जाणाऱ्या जंतूची, आहे. तुझा धाकटा अजून सगळं तोंडात घालतो. त्याला सापापासून आणि सापाच्या भांड्यांपासून लांब ठेव, आणि ती भांडी स्वयंपाकघरात धुवू नका.

हे सगळं करूनही महिना-दोन महिन्यांत काही फरक नसेल तर स्वभावाला दोष देण्याआधी अंग तपासा. खवल्यांच्या फटीत काळे हलणारे ठिपके म्हणजे गोचिडीसारखे किडे. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास म्हणजे छातीचा आजार. दोन्हींसाठी सापांचा डॉक्टर. आणि डोळे दुधाळ निळे झाले असतील तर कात टाकायची वेळ आहे, दिसत नाही म्हणून तो जास्तच बिथरतो. तेव्हा हात लावू नका, ओलावा वाढवा.

एक मात्र ईराला आत्ताच सांग. तो कुत्र्यासारखा तिच्याकडे धावत येणार नाही. ती धोक्याची नाही, एवढं त्याला कळेल, आणि सापाकडून तेवढं मिळालं तर पुष्कळ झालं. आणि हे प्राणी वीस-तीस वर्षं जगतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. ईरा कॉलेजला गेली की उंदीर गरम करायला तूच आहेस, हे लक्षात ठेव.

तुझ्या नागपूरच्या पुतण्यानं व्हिडिओ बघून मला फोन केला होता, त्यालाही हाच साप हवा आहे. त्याला सांगितलंय, इथं अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ पासून त्याचे नियम आहेत. कागद नसलेला साप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नको. दुसरं सांगितलंय ते जास्त जीव तोडून: शेतात दिसलेलं 'अजगराचं पिल्लू' हातात घ्यायचं नाही. आमच्याकडे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे दरवर्षी निघतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल डागांचे सरळ पट्टे असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे. फूत्कार तर तिचा कुकरच्या शिट्टीसारखा. पण अंधारात, चिखलात, हातभर जिवावर कोण डाग मोजत बसतो? तू पण त्याला एकदा बोल, माझं तो हसण्यावारी नेतो.

भाताची रोवणी चालू आहे, परे (रोपं) उपटायला माणसं मिळत नाहीत, पाऊस तेवढा बरा आहे. तू आता असं कर: किचनमधल्या काट्यावर त्याचं वजन कर, ढोली बदलल्यानंतरचा फोटो काढ, आणि शेवटचं कधी खाल्लं ती तारीख, एवढं मला पाठव. वहिनींना सांग, त्या साप घरात आणायला नाही म्हणाल्या होत्या हे मी ऐकलंय, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

तुझा,
प्रकाश