हे दुखणं अंगावर काढू नकोस

प्रिय बाळा,

डॉक्टरांनी दिलेलं इमर्जन्सी कार्ड तुझ्या पाकिटात आहे, फोनमध्येही त्याचा फोटो आहे. तरी हे लिहितोय, कारण ते कार्ड कधी बाहेर काढायचं हे आता तू एकटी ठरवणार आहेस. आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. डोकं फुटेस्तोवर दुखलं तरी ‘झोपले की बरं वाटेल’ म्हणणारी तू. सर्दी-पडसं अंगावर काढ, मी काही बोलणार नाही. पण मेलास, म्हणजे पेशींना ऊर्जा कमी पाडणारा हा तुझा आजार, तो मात्र नाही.

नेहमीपेक्षा वेगळी, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, नजरेच्या एकाच बाजूला चमकणारे रंगीत ठिपके किंवा त्या बाजूचं दिसेनासं होणं, एका हाताची बोटं आपोआप उडणं, बोलताना शब्द न सापडणं. यातलं काहीही नव्याने सुरू झालं, की लगेच हॉस्पिटल. लोक मायग्रेन म्हणतील, कारण वरवर ते तसंच दिसतं. पण मेलासमध्ये ते चमकणारे ठिपके म्हणजे मेंदूच्या मागच्या भागात चालू असलेली फिटच असू शकते. अंग झटकत नाही, शुद्धही असते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

असं का होतं, ते तुला समजलेलं बरं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं. त्यांच्या डीएनएत १६,५६९ अक्षरं असतात. त्यातलं ३२४३ व्या जागेवरचं एक अक्षर तुझ्या बऱ्याच पेशींत बदललेलं आहे. मेलासचा या बदलाशी असलेला संबंध १९९० पासून माहीत आहे. त्यामुळे पेशींना ऊर्जा कमी पडते, आणि मेंदूइतकी ऊर्जा खाणारे अवयव थोडेच. त्यात फिट आली की तो भाग आणखी ऊर्जा जाळतो, थकतो, सुजतो, आणि शेजारच्या भागालाही ओढत नेतो. हे दिवसेंदिवस, कधी कधी आठवडेही पसरत राहतं. म्हणूनच फिट लवकर आणि जोरकसपणे थांबवणं हा उपचाराचा गाभा आहे. बाहेरून शांत दिसलीस तरी आत फिट चालू आहे का, हे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, तीच सांगते. ईईजी लवकर करा, असं आग्रहाने म्हणायचं. यात उद्धटपणा काही नाही.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी हा आजार कदाचित प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. एमआरआयमधला डाग बघून त्यांना स्ट्रोक वाटेल. पण तुझ्या झटक्यात गुठळीने रक्तवाहिनी बंद झालेली नसते, डागही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाही, त्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यावरचा उपाय नाही. फिटसाठी सोडियम व्हॅलप्रोएट नको, हे पहिल्या पाच मिनिटांत सांग. पॉलजी (POLG) नावाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या दोषात ते यकृत निकामी करून जीव घेऊ शकतं. तुझा दोष तो नाही, तरी लेव्हेटिरासेटामसारखी औषधं हाताशी असताना तो धोका कशाला? लॅक्टिक ॲसिड वाढलेलं असेल तर रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेलं सलाईन) टाळून ग्लुकोज असलेलं सलाईन लावतात. साखर, लॅक्टेट आणि ईसीजी बघायला सांग. पोट फुगलं असेल, शौचाला होत नसेल, तर तेही सांग. आतड्यांची हालचाल मंदावणं याच आजाराचा भाग आहे.

आर्जिनिन या अमिनो ॲसिडबद्दल तुला दोन मतं ऐकू येतील. काही तज्ज्ञ झटक्यात ते शिरेतून लगेच द्यावं म्हणतात, काहींना त्याचा पुरावा अपुरा वाटतो. तो वाद डॉक्टरांवर सोड. माझं म्हणणं एवढंच, की त्या चर्चेत फिटचं औषध लांबता कामा नये.

आईशी बोलताना जपून बोल. हा डीएनए आईकडूनच येतो, हे ऐकल्यापासून ती स्वतःला दोष देते. कुणी काय द्यायचं हे ठरवून देत नसतं, हे मी सांगून थकलो. तू सांगितलंस तर कदाचित तिला पटेल.

उपाशी राहू नकोस. जागरण, ताप आणि उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी होणं, यातून झटका ओढवू शकतो. पोटात काही टिकत नसेल तर सलाईनसाठी त्याच दिवशी जा. कुणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन लिहून दिलं, तर घेण्याआधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टला फोन कर.

आणि तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला हे सगळं माहीत हवं, कारण ऐन वेळी बोलणारी तीच असेल. फिट आली तर तुला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, किती वाजता सुरू झाली ते बघायचं आणि थांबेल म्हणून वाट न पाहता ॲम्ब्युलन्स बोलवायची. मग मला फोन, कितीही वाजले असोत. तिला हे पत्र वाचायला दे आणि तिचा नंबर मला आजच पाठव.

तुझा,
बाबा